तीन बोटांचे माप



दंतवैद्य रेडिओवर बोलायला आला म्हणजे दात कसे घासावेत, ब्रश किती महिन्यांनी बदलावा, गोड खाल्ल्यावर चूळ कशी भरावी, हेच तो सांगणार, असे तुम्हाला वाटले असेल. ते सगळे खरे आहे आणि तुम्हाला ठाऊकही आहे. आज मी दातांपेक्षा दातांच्या डॉक्टरांविषयी बोलणार आहे. पदवी मिळाल्यानंतर आम्ही शिकतो का, काय शिकतो, आणि शिकलो नाही तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, एवढाच माझा विषय.

मी १९९२ साली भंडारा जिल्ह्यातील साकोली येथे दवाखाना टाकला. शिक्षण नागपूरला झाले होते. एक खुर्ची, एक ड्रिल, औजारे उकळायचे एक स्टीलचे भांडे आणि भिंतीवर चौकटीत लावलेली पदवी, एवढे भांडवल. रुग्ण मात्र पहिल्या महिन्यापासून भरपूर. लाखनी, लाखांदूर, अर्जुनी-मोरगाव, सगळीकडून लोक यायचे. रोवणी आटोपली की गर्दी, धान निघाला की पुन्हा गर्दी. सकाळी दहाला सुरू झालेला दिवस संध्याकाळी सातलाच संपायचा, आणि त्यातला निम्मा वेळ दात काढण्यात जायचा. पुस्तके कपाटात होती. कपाटाला कुलूप नव्हते, पण ते उघडायचे कारणही पडत नव्हते.

१९९६ सालची गोष्ट. एका राईस मिलमध्ये हमाली करणारा तरुण आला. वय असेल सव्वीस-सत्तावीस. दात ठणठणीत. तक्रार एकच, "तिखट लागला का तोंड जरते जी, डाक्टर." मी तोंडात पाहिले. म्हणजे दातांकडे पाहिले. किडलेला दात नाही, हिरडी सुजलेली नाही. मी त्याला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला एक मलम दिले. सहा महिन्यांनी तो पुन्हा आला. पुन्हा गोळ्या. नंतर एकदा म्हणाला, भाकरीचा घास मोठा घेता येत नाही. मी म्हणालो, घास लहान घे. खोलीत बसलेली माणसे हसली, तोही हसला. मीही हसलो, हे सांगायला आज जीभ जड होते.

पुढे २००१ साली नागपूरला दंतवैद्यांसाठी एक दिवसाचा वर्ग होता. मी गेलो ते खरे तर एका मित्राला भेटायला. साकोली ते नागपूर शंभरेक किलोमीटर, एसटीने अडीच-तीन तास. दुपारच्या जेवणानंतरचे व्याख्यान, खोलीत अंधार, पडद्यावर पारदर्शिका. निम्मी मंडळी पेंगत होती. एक चित्र आले. गालाच्या आतली कातडी, गुलाबी असायला हवी ती संगमरवरासारखी पांढुरकी आणि तिच्यावर उभे ताठ पट्टे. व्याख्याते म्हणाले, या रुग्णाची पहिली तक्रार तिखट सोसत नाही, एवढीच असते. मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

त्या आजाराचे नाव ओरल सबम्युकस फायब्रोसिस. गंमत अशी, की गंमत हा शब्द इथे शोभत नाही, पण अंतिम वर्षाच्या परीक्षेत मी याच आजारावर टीप लिहिली होती. पूर्ण गुण मिळाले होते. कारणे, लक्षणे, सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र, सारे पाठ होते. पण ज्या तोंडात तो आजार बसला होता, ते तोंड चार वेळा माझ्यासमोर उघडले आणि मला तो दिसला नाही.

हा आजार आपल्याकडे का, हे थोडे सविस्तर सांगतो. सुपारीत अरेकोलिन नावाचा घटक असतो. तो तोंडाच्या अस्तराखालील पेशींना तंतू तयार करायला लावतो. सुपारीत तांबेही बरेच असते, त्यामुळे ते तंतू एकमेकांत घट्ट विणले जातात आणि शरीराला ते मोडता येत नाहीत. लवचीक गाल हळूहळू चामड्यासारखा ताठ होतो. प्रथम जळजळ, मग तोंड कमी उघडणे, मग जीभ बाहेर काढायला त्रास, शेवटी चमचाही आत जात नाही. आणि अशा तोंडात कर्करोग होण्याची शक्यता निरोगी तोंडापेक्षा कितीतरी अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवले आहे.

आता आपला खर्रा पाहा. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोट घोट घोटायचा. पानठेल्यावर मिळतो, पाहुण्याला दिला जातो, मंडईत नातेवाईक भेटले की हातावर ठेवला जातो. झाडीपट्टीचे नाटक रात्रभर पाहायचे तर खिशात दोन पुड्या हव्यातच. बांधीत रोवणी करणाऱ्या बायकाही गालात धरतात, कारण भूक मरते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूरविरहित तंबाखू खाणारे आढळले, म्हणजे चारांत जवळजवळ एक. बिडी-सिगारेट ओढणारे मात्र ३.८ टक्केच. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा कारखान्यात बनत नाही, तो ठेल्यावर डोळ्यांदेखत घोटला जातो. त्याला बंदी घालणे कागदावर सोपे.

या आजाराच्या इतिहासात आपल्याच माणसांची नावे आहेत, हे मला त्या व्याख्यानानंतर वाचताना कळले. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतील पाच भारतीय स्त्रियांमध्ये अशी स्थिती पाहिल्याची नोंद केली. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांवरून तिचे वर्णन केले आणि सबम्युकस फायब्रोसिस हे नाव रूढ झाले. नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, डेन्मार्कच्या पिंडबोर्ग यांना सोबत घेऊन, महाराष्ट्रातील १ लाख १ हजार ७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली. पुणे जिल्ह्यातील खेडी, घरोघर जाऊन, एकेक तोंड. तो अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्याच गटाने पुढे तीन राज्यांतील ३६ हजार तंबाखू खाणाऱ्यांना समजावून सांगण्याचा प्रयोग केला आणि समजावल्याने सवय सुटते, तोंडातले पांढरे चट्टे कमी होतात, हे १९८६ साली दाखवून दिले. त्या कामाला ना मोठे यंत्र लागले, ना औषध. टॉर्च, आरसा आणि बोलण्याची चिकाटी. हे सगळे माझ्या पदवीच्या आधीचे. मला ते ठाऊक व्हायला २००१ साल उजाडले.

त्या वर्गाहून परतल्यावर मी राईस मिलमधल्या त्या तरुणाचा शोध घेतला. तो सापडला. तेव्हा त्याचे तोंड एका बोटाएवढे उघडत होते आणि उजव्या गालात एक जखम होती, तीन महिन्यांची, न भरणारी. नागपूरला शस्त्रक्रिया झाली. २००३ च्या पोळ्यानंतर तो गेला. त्याला माझ्याकडून वेळेवर चार शब्द मिळाले असते तर तो नक्की वाचला असता, असे मी म्हणणार नाही, तसे कोणालाच म्हणता येणार नाही. पण १९९६ साली सवय सोडायचे कारण त्याला कोणीतरी सांगायला हवे होते, आणि ते सांगण्याच्या जागेवर मी बसलो होतो.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात प्रत्येक रुग्णाचे तोंड किती उघडते ते मोजले जाते, मग तो कवळी बसवायला आलेला असो की दात काढायला. तुम्हीही घरी पाहू शकता. आपलीच तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, एकावर एक अशी उभी धरून समोरच्या वरच्या व खालच्या दातांत जायला हवीत. जात नसतील तर ते कारण विचारायला दंतवैद्याकडे जा. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, तर त्याहून लवकर जा. आणि डॉक्टर नुसते दात पाहून उठले, तर म्हणा, गालही पाहा जी.

हा एक विषय झाला. पण एकदा कपाट उघडले म्हणजे लक्षात येते की शिकायचे राहिलेले बरेच आहे, आणि आपल्या भागात राहिलेले वेगळेच आहे. सिकलसेल घ्या. पाठ्यपुस्तकात त्याला फार तर अर्धे पान. नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले ते १९५८ साली. आज विदर्भाच्या पूर्व भागात दवाखाना चालवणाऱ्याला हा आजार वर्षातून कितीदा तरी भेटतो. सिकलसेलच्या रुग्णाचा दात न किडताही दुखू शकतो, कारण दाताच्या गाभ्यातील बारीक रक्तवाहिन्या विळ्यासारख्या पेशींनी बुजतात. आतली नस मरूही शकते. डॉक्टरला हे ठाऊक नसेल तर तो चांगला दात उपटून मोकळा होतो. दुसरे, दाताचा जंतुसंसर्ग, ताप, उपाशी राहणे, पाणी कमी पिणे, यांतून अशा रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. म्हणून आता मी दात काढण्यापूर्वी मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर सिकलसेलचेही विचारतो. पूर्वी विचारत नव्हतो. केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली ती जुलै २०२३ मध्ये, पण रुग्ण त्याच्या कितीतरी आधीपासून माझ्या खुर्चीत बसत होते.

दातांवरचे तपकिरी पट्टे हीही तशीच गोष्ट. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असले, लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर, तर ते पाणी पिऊन वाढणाऱ्या मुलांच्या दातांवर डाग येतात. पक्के दात जबड्यात घडत असतात त्या वयात, साधारण आठव्या वर्षापर्यंत, हे होते. शाळेत बाई त्या पोराला दात घासत नाही म्हणून उभे करतात. घासून तो डाग जात नाही. मीही सुरुवातीला अशा मुलांना ओरडलो आहे.

औजारे उकळण्याचे ते भांडे मी १९९७ साली काढून टाकले. पाणी उकळले म्हणजे सगळे जंतू मेले, असे आम्ही मानत होतो. काही जंतूंची बीजे उकळत्या पाण्यातही तग धरतात. त्यांना १२१ अंश तापमान, १५ पौंड दाबाची वाफ आणि किमान १५ मिनिटे लागतात. ऑटोक्लेव्ह घ्यायला त्या वेळी मला कर्ज काढावे लागले आणि दात काढण्याची फी पाच रुपयांनी वाढवावी लागली. लोक कुरकुरले. एका आजोबांनी तर विचारले, वाफेचे पैसे आमच्याकडून कायले?

आणि मग २०२१ चा मे महिना. करोनाची दुसरी लाट ओसरत होती. लाखनीकडचे एक गृहस्थ आले, वय पन्नासच्या आसपास, मधुमेह जुना, नुकतेच करोनातून उठलेले, उपचारात स्टेरॉइड दिलेले. वरच्या डाव्या बाजूचे चार दात एकदम हलत होते. म्हणाले, त्रास देऊन राहिले, काढून टाका. हिरड्यांच्या साध्या आजारात एका बाजूचे चार दात आठवड्याभरात हलायला लागत नाहीत. त्याच्या चारच दिवस आधी मी रात्री मोबाइलवर म्युकरमायकोसिसवरचा एक वर्ग पाहिला होता. टाळूवर टॉर्च धरला, एक करडा डाग दिसला. मी दाताला हात लावला नाही. चिठ्ठी लिहिली आणि त्यांना त्याच दिवशी नागपूरला पाठवले. वरच्या जबड्याचा एक भाग काढावा लागला, पण डोळा वाचला आणि जीवही. विद्यार्थी असताना ही बुरशी आम्हाला दुर्मिळ म्हणून शिकवली होती. परीक्षेला येणार नाही म्हणून आम्ही ती सोडली होती.

आता थोडे कायद्याचे. देशात दंतवैद्यांसाठी कायदा झाला १९४८ साली आणि भारतीय दंत परिषद स्थापन झाली १९४९ मध्ये. तरी पदवीनंतर शिकत राहिले पाहिजे, असे लेखी बंधन यायला २००७ साल लागले. त्या वर्षी निरंतर दंतशिक्षणाचे नियम आले. पाच वर्षांत ठरावीक गुण मिळवायचे, वर्गाला बसले की गुण, परिषदेला गेले की गुण. पुढे २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला आणि त्यात पदवीच्या शेवटी देशभर एकच परीक्षा घेण्याची तरतूद आहे. हे सारे चांगलेच. पण गुण आणि शिक्षण यांत अंतर आहे, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो. सकाळी नाव नोंदवून दुपारी बाजारात हिंडणारे मी पाहिले आहेत. करोनानंतर तर घरबसल्या वर्ग सुरू झाले. साकोलीच्या माणसाला मुंबईचा तज्ज्ञ ऐकायला मिळाला, त्याचे मोल मी वर सांगितलेच. मात्र मोबाइल चालू ठेवून जेवायला बसलेल्यालाही तेच प्रमाणपत्र मिळते. आणखी एक. बहुतेक वर्ग भरतात ते इम्प्लांटचे, दात पांढरे करण्याचे, हास्य सुंदर करण्याचे. त्यांत वाईट काही नाही, शहरात ती गरज आहे, आणि वर्गाचा खर्च उचलायला कंपन्याही पुढे येतात. खर्ऱ्याने आखडलेल्या तोंडाचा खर्च उचलायला कोणती कंपनी येणार?

म्हणून आम्ही आठ जणांनी स्वतःपुरती एक सोय केली. साकोली, लाखनी, लाखांदूर आणि शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातील दोघे. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी दवाखान्यात बसतो. चहा आणि चिवडा यजमानाचा. नियम एकच, प्रत्येकाने आपला फसलेला एक रुग्ण सांगायचा. जमलेले काम सांगायला बंदी. सुरुवातीला कोणी तोंड उघडेना. शेजारच्या तालुक्यात आपली चूक कळली तर रुग्ण तिकडे जातील, ही भीती. पहिल्या बैठकीत मी त्या राईस मिलवाल्या तरुणाची हकिगत सांगितली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने हळूच सांगितले, की कर्करोगाच्या एका बाईंचा दात त्याने काढला आणि जबड्याचे हाड महिनोन् महिने उघडे राहिले. त्या हाडे बळकट करण्याच्या इंजेक्शनवर होत्या. त्या इंजेक्शनांचा जबड्यावर असा परिणाम होतो, हे वैद्यकीय नियतकालिकांत २००३ पासून येऊ लागले होते. आमच्यापैकी तिघांनी ते त्या रविवारी प्रथम ऐकले.

इंटर्नशिप करणारी मुलेमुलीही सुट्टीत गावी आली की या बैठकीला येतात. त्यांना मी एवढेच सांगतो, की जो विषय निवडाल तो आपल्या गावातून निवडा. पुस्तक दूरच्या लोकांनी लिहिलेले असते. नस आणि गुडाखू लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या, धानाच्या गिरणीत काम करणाऱ्यांचे तोंड, बोअरचे पाणी पिणाऱ्या पोरांचे दात, यांवर बसून वीस तोंडांची नोंद केली तरी तुम्ही असे काही पाहाल, जे तुमच्या सरांनीही पाहिलेले नसेल. गेल्या उन्हाळ्यात एका मुलीने आपल्याच मोहल्ल्यातल्या बचत गटाच्या बायकांची तोंडे तपासली. तिची आई त्याच गटात होती. आईच्याच गालात पांढरा चट्टा निघाला. तुकडा तपासायला पाठवला, कर्करोग नव्हता. आईची नस सुटली, असे मुलगी म्हणते. आई वेगळे सांगते.

या आजारात आखडलेले तोंड पूर्ववत होत नाही, हे खरे सांगितले पाहिजे. सवय सुटली तर आजार पुढे सरकणे बहुधा थांबते आणि व्यायामाने थोडे उघडते. व्यायाम साधा आहे. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. २०१९ साली माझ्याकडे कॉलेजात शिकणारा एक मुलगा आला, तिखट लागते म्हणून. मोजले तेव्हा २७ मिलिमीटर. निरोगी माणसाचे चाळीसच्या आसपास किंवा वर असते. खर्रा सोडायला त्याला दीड वर्ष लागले, दोनदा सुटून पुन्हा लागला. काड्या मात्र त्याने सोडल्या नाहीत. परवा आला तेव्हा ३३ भरले. सोबत एका मित्राला घेऊन आला होता, दारातच उभा असलेला, यायला तयार नसलेला. म्हणाला, "याचा बी मोजा जी, डाक्टर." मित्र म्हणाला, मला काही होत नाही. खुर्चीत बसवले. दोन बोटे गेली, तिसरे अडले. वहीत त्याचे नाव आणि तारीख लिहून पुढे लिहिले, ३१.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)